सारवणाखालचा ऊद

२१ जानेवारी १९७६, बुधवार

पाहुणा आतल्या खोलीत झोपलाय. कणगीच्या मागे, घोंगडीवर. सकाळी बाहेरून कडी घालून शाळेत गेले. दिवसभर फळ्यावर लिहीत होते आणि जीव त्या कडीत अडकलेला!

नाव इथे लिहिणार नाही. पाहुणाच म्हणेन. माझ्या पाठचा, माझ्या कडेवर वाढलेला – एवढं पुरे. जालन्याला हमालांच्या सभेत बोलला, पत्रकं वाटली. तेव्हापासून पोलीस मागावर आहेत. आणीबाणीत धरलं की कधी सोडतील याचा नेम नाही. कोर्टात विचारायची सोय नाही. आसरा देणाऱ्यालाही उचलतात म्हणे. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. हे गेल्यापासून याच नोकरीवर उभी आहे. लेक सासरी. घरात मी एकटी – म्हणूनच तो इथे आला असेल.

काल राजूरला अंगारकीची गर्दी. त्या गर्दीत हा अत्तरवाला होऊन बसला होता! दाढी वाढलेली, कानात फाया, गळ्यात पट्ट्याने अडकवलेली काचेच्या झाकणाची पेटी. सदर बाजारातल्या एका ओळखीच्या अत्तरवाल्याने पेटी दिली आणि चार शब्द शिकवले. दिवे लागायच्या वेळी माझ्या दारात उभा. "हिना हाये, खस हाये, गुलाब हाये, बाईसाहेब." मी "नको" म्हणून दार लोटत होते. तेव्हा हळूच म्हणाला, "अक्का, मी हाये."

मला ओळखू आला नाही. या गोष्टीचीच भीती वाटली आधी. दोन-तीन महिन्यांत माणूस इतका बदलतो?

जेवण झाल्यावर पेटीतली एक काळी कुपी काढली. "हे ऊदाचं. राजूरला बड्या लोकांनी थेंब-थेंब नेलं." काडी माझ्या मनगटाला टेकवली. मी हात झटकला. गोठ्याचा वास! भिजलेल्या कातड्याचा. तो हसला, "थांब जरा. हे अत्तर जल्दी करत न्हाई."

थांबले. भांडी घासून होईतो गोठा गेला आणि खूप वर्षं न उघडलेल्या लाकडी पेटीसारखा वास यायला लागला. मग विझत आलेल्या सरपणासारखा. अंथरुणावर पडले तेव्हा गोडसर झाला होता, पण त्या गोडीत कडू काहीतरी होतं. मोगरा कसा धावत येतो, हसतो, जातो. हा धावत नाही. हा येऊन बसतो. कोपऱ्यात बसून बघत राहतो.

मनगट दुलईच्या बाहेर ठेवून झोपले.


२२ जानेवारी, गुरुवार

मनगटावर अजून आहे! सकाळी शिकेकाईने धुतलं तरी. आता तो माणसाच्या मानेसारखा येतो. उबदार. हे होते तेव्हा... असो.

संध्याकाळी पाहुण्याला विचारलं, हा वास येतो कशातून? म्हणाला, "आसामाकडं एक झाड असतंय, अक्का. झाड धडधाकट असलं तर लाकडाला वासच न्हाई. कीड लागली, बुरशी लागली, का झाड आतल्या आत काळं तेल धरतं. त्येच हे."

"म्हणजे दुखण्याचा वास."

"दुखण्याचा न्हाई! झाड झगडून राह्यलं, त्याचा."

सभा बंद झाल्या तरी याचं भाषण सुटत नाही. मी हसले. तोही हसला. लहानपणचा दिसला क्षणभर.

तेवढ्यात दारावर थाप. "बाई! वो बाई! इरजण हाये का?" शेजारची गिरिजाबाई. पाहुणा कणगीमागे. पेटी उघडीच होती माझ्या मांडीशी! उचलली आणि उतरंडीच्या वरच्या मडक्यावर ठेवली. मडकं डुगडुगलं. पेटी तिरकी झाली. सगळ्या कुप्या आतच राहिल्या – एक सोडून. काळी! जमिनीवर पडली आणि फुटली.

"काय फुटलं वो बाई?"

"बरणी. लोणच्याची."

दार हातभर उघडून वाटी बाहेर दिली. गिरिजाबाईने नाक वर केलं. वाटी घेऊन गेली.

वळून पाहिलं तर तेल दिसतच नव्हतं. सारवलेल्या जमिनीने पिऊन टाकलं. एका थेंबाने एवढं केलं – इथे अख्खी कुपी!


२३ जानेवारी, शुक्रवार

पाहुणा गेला. उजाडताना हसनाबादच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांत मिसळून, पेटी घोंगडीत गुंडाळून. पुढे कुठे ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात भाकरी बांधून दिली. "अक्का, तुझ्या घराला वास लावून ठिवला मी," म्हणाला. मी म्हटलं, "जाईल दोन दिवसांत." उंबऱ्याशी वाकून माझ्या पायाला हात लावला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर हाडं लागली.

तो गेल्यावर चुलीतली राख पसरली. झाडून काढली. वास तसाच. धुण्याचा सोडा टाकला. तसाच. मग सुचलं – सारवून टाकू! आयुष्यभर हेच केलं. काही सांडलं, काही घाण झाली, की शेण कालवायचं, सारवायचं, जमीन नवी.

काय दुर्बुद्धी! ओलं सारवण लागलं आणि जमिनीत मुरलेला ऊद उठून वर आला. पहिल्या थेंबाचा तो गोठा, तो कातड्याचा वास – आता खोलीभर! जमीन वाळत गेली तसा तो दारातून बाहेर पडला. ओसरीवर. गल्लीत. मी दार लावून घेतलं. मग वाटलं, दिवसाउजेडी दार लावलं तर लोक काय म्हणतील? उघडलं. परत लावलं.


२४ जानेवारी, शनिवार

वास आहे. भाकरीत सुद्धा.


२५ जानेवारी, रविवार

सकाळी नळावर बायका. गिरिजाबाई मोठ्याने, "काय बाई, नवाबसाहेब मुक्कामाला हायेत का काय तुमच्या घरी? समदी गल्ली घमघम करून राह्यली!"

सगळ्या हसल्या. माझ्या हातातून घागर निसटायची ती मी कमरेवर दाबून धरली. थट्टाच होती. पण थट्टा किती जवळून गेली!

"ऊद जाळला का काय?" कांताबाईने विचारलं.

"हो," म्हटलं.

एक शब्द. तोंडात पहिला आला तो.

"कशापायी?"

"डोकं दुखतं. दर्ग्यावरून आणला होता कुणीतरी. म्हटलं बघावा जाळून."

हसू थांबलं सगळ्यांचं. गिरिजाबाईने माझ्याकडे बघितलं – बराच वेळ. मग आपली घागर उचलली. "बुद्धवंदना म्हणायला लावते आम्हाला, आन घरात पिराचा ऊद," कुणीतरी मागे म्हणालं. कोण ते वळून पाहिलं नाही.

घरी येऊन दाराला टेकून उभी राहिले. खोटं बोलले याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं – बरं झालं, विश्वास बसला.


२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. ट्रंकेतली पांढरी साडी काढली. ट्रंक त्याच खोलीत, जमिनीला टेकलेली. लक्षातच आलं नाही! मैदानात उभी राहिले, ऊन पडलं, आणि पदरातून वास उठला. पोरी माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. हेडमास्तर अण्णासाहेब शेजारी उभे. हळूच म्हणाले, "बाई, आज अत्तर?"

एवढंच. पण भुवया वर गेल्या. विधवा बाई आणि अत्तर! आमच्यात आता तसलं काही मानत नाहीत. धर्म बदलला तेव्हा ते ओझं टाकलं. पण दुसऱ्याच्या डोळ्यांतून ते अजून अंगावर येतं.

"लेकीने पाठवलंय," म्हटलं. आणखी एक खोटं. गल्लीत एक, शाळेत दुसरं. ही दोन खोटी कुठे एकमेकांना भेटली तर?

राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा पदर आवळून घेतला.


२८ जानेवारी, बुधवार

तातेराव आले होते. मला माहीत होतं, येणार. विहाराची किल्ली त्यांच्याकडे. छप्पन्न साली नागपूरला गेलेल्या आमच्या गावच्या माणसांतले आता ते एकटेच राहिलेत. घरात आले नाहीत. ओसरीवरच बसले, काठी आडवी मांडीवर. पाणी दिलं, प्याले नाहीत.

"मास्तरीणबाई, ऐकलं त्ये खरं हाये का?"

"हो."

"उदबत्ती येगळी, बाई. बुद्धापुढं आपुन लावतोच. ऊद म्हंजे पीर आला, अंगात येणं आलं, उतारा आला. त्ये समदं सोडून आलो ना आपुन? माझी म्हातारी पोटातल्या दुखण्यानं गेली, तवा लोक म्हनले अंगारा लावा. म्या लावला न्हाई. दवाखान्यात न्हेली. गेली तरी लावला न्हाई." काठीवर हात फिरवत राहिले. "तुम्ही शिकल्याल्या. तुमच्याकडं बघून आमच्या पोरी साळंत जातेत."

बोलावंसं वाटलं. तातेराव, मी तसली नाही! ओठावर आलं होतं. पण मग पुढचा प्रश्न – मंग ह्यो वास कशाचा?

न प्यालेलं पाणी मी उचलून घेतलं. ते उठले. "रईवारी इहारात या. चार माणसांपुढं बोला काय त्ये."

जाताना दारापाशी थांबले. वास घेतल्यासारखे. मग गेले.

खोलीत आले तर तो बसलेलाच होता. कोपऱ्यात. वास म्हणते मी. पण खरंच, कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. सकाळी चूल पेटली, जमीन तापली, की जवळ सरकतो. गारठा पडला की मागे सरतो. पाहुणा गेला आणि हा राहिला. पाहुणा हसायचा, बोलायचा. हा बोलत नाही. आत कीड लागलेल्या झाडासारखी मीही काहीतरी काळं धरून बसले आहे.


३० जानेवारी, शुक्रवार

कुणाचा निरोप नाही. निरोप नाही हेच चांगलं, असं स्वतःला सांगते.


१ फेब्रुवारी, रविवार

गेले विहारात. वंदना झाली. आज मी पुढे बसले नाही. तातेरावांनी माझ्याकडे बघून मान हलवली. उभी राहिले.

"माझ्याकडून चूक झाली. दर्ग्याचा ऊद घरात जाळला. पुन्हा होणार नाही."

न केलेल्या गोष्टीची कबुली! शब्द मात्र स्पष्ट आले, धडा वाचावा तसे. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या, एकटी बाई हाये." ते जास्त लागलं. मागून कुणीतरी, "शिकल्यालं आसंच आसतंय." हसणं. गिरिजाबाई भिंतीशी बसली होती. ती हसली नाही. वरही बघितलं नाही. पायाचं नख खरवडत राहिली.

तातेराव म्हणाले, "झालं. इषय संपला." बुद्धाच्या मूर्तीकडे बघायचं धैर्य झालं नाही. बावीस प्रतिज्ञांतली एकही मोडली नाही मी, हे ठाऊक आहे मला. तरी अपराध्यासारखी बाहेर आले. लाज सोसता येते. पाहुणा सापडला तर ते सोसवणार नाही. एवढाच हिशेब.


२ फेब्रुवारी, सोमवार

आज घाईने लिहितेय. अक्षर बघा!

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हसणं चाललं होतं. अण्णासाहेब सांगत होते, "अंगारकीला राजूरला तो अत्तरवाला बसल्ता ना? अत्तरवाला नव्हताच म्हणे! वॉरंट आहे त्याच्यावर. आणि आता जमादाराने काय केलंय – ज्या शेटजीने त्याच्याकडून ऊदाचं अत्तर घेतलं, त्याच्याकडून फाया मागून घेतलाय. पत्र्याच्या डबीत घालून गावोगाव हिंडून राह्यला! घराघरात नाक खुपसतो म्हणे!"

"जमादार हाय का कुत्रं?" मच्छिंद्र मास्तर म्हणाले. पुन्हा हसणं.

मीही हसले. हसणं भाग होतं.

अण्णासाहेब हसता हसता थांबले. माझ्याकडे बघितलं. पदराकडे. सव्वीस जानेवारी आठवली त्यांना – मला दिसलं ते! काहीतरी म्हणतील म्हणून मी खुर्ची घट्ट धरली. ते चष्मा पुसत राहिले. घंटा झाली.

वर्गात गेले. पोरींना काय शिकवलं आठवत नाही.


३ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. कोतवाल सकाळीच सांगून गेला – जमादार उद्या आपल्या वस्तीत येणार. अंगारकीच्या संध्याकाळी पेटीवाला माणूस इकडे वळताना कुणीतरी पाहिला म्हणे. घरं बघणार आहेत. "उद्या कुणी बाहीर जायचं न्हाई," असं ओरडत गेला.

खुरपं घेऊन जमीन खणली. आधी सारवणाचा पापुद्रा. मग माती. वीतभर खाली गेले तरी तोच. खाली तर अजून गोड! हसू आलं मला, कसलं कुणास ठाऊक. पाट्या भरून उकिरड्यावर टाकल्या. तिसरी पाटी टाकताना मागे गिरिजाबाई. शेणाची पाटी डोक्यावर.

"एवढी माती कुठली वो, बाई?"

"घुशी लागल्यात घरात."

तिने आपली पाटी खाली ठेवली. वाकली. माझ्या मातीतली चिमूट उचलली, नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं – नळावर बघितलं होतं तसंच. तिने चिमूट टाकली, हात लुगड्याला पुसला आणि आपली शेणाची अख्खी पाटी माझ्या मातीवर ओतली.

आणि गेली ती थेट तातेरावांच्या घराकडे.

मी ओसरीवरून बघत होते. तातेराव दारात आले. ती हातवारे करून सांगत होती. त्यांनी माझ्या घराकडे बघितलं. मग दोघं आत गेले. दार लागलं.

संपलं. पीर नाही, दर्गा नाही, डोकेदुखी नाही – आता त्यांना कळलं. भर सभेत खोटं बोललेल्या बाईसाठी कोण जोखीम घेईल? आणि का घ्यावी? प्रत्येकाच्या घरात पोरंबाळं आहेत. मी त्यांच्या जागी असते तर? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

खड्ड्यात नवी माती भरली, चोपली, सारवली. सारवण ओलं आहे. तो उठून बसलाय पुन्हा! दोन लुगडी, लेकीचा फोटो पिशवीत भरून ठेवले. नेतील तेव्हा शोधाशोध नको. ही वही चुलीत घालावी का? पाहुण्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. तरी –

दुपारच्या एस.टी.ने गिरिजाबाई भोकरदनला गेली. पोलिसांकडे असेल.


४ फेब्रुवारी, बुधवार

जमादार आला आणि गेला.

मी पिशवी घेऊन दारात उभी होते. गल्लीच्या तोंडाशीच तो थबकला. घराघरातून धूर! ऊदाचा. गिरिजाबाईच्या, कांताबाईच्या, समोरच्यांच्या – वस्तीतल्या एकूण एक घरातून. काल गिरिजाबाईने भोकरदनहून पुडा आणला तो हा. जमादाराने डबी उघडली, हुंगली, खोकला, परत हुंगली. डोळ्यांतून पाणी. "काय लावलंय हे?"

तातेराव पुढे झाले. हातात फुटकं खापर, त्यात निखारे. "साहेब, पोरांना डांग्या खोकला हाये. ऊद जाळल्याबिगर हटत न्हाई. आमची जुनी रीत हाये." बोटं पोळत असणार. खापर त्यांनी सोडलं नाही.

माझ्या घरात जमादाराने डोकावलं, नाकाला रुमाल लावला, निघाला.

तो वळणापलीकडे गेल्यावर तातेराव माझ्या ओसरीपाशी आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हण्याला सांगा, पुढल्या बारीला बांगड्या विक म्हणावं."